मिशनची भाकर

"बाई, कॅमेऱ्याकडं बघू नका. रोज करता तसंच करा."

रोज करताना तोंडावर दिवे नसतात. पुण्याहून आलेल्या दाढीवाल्या पोरानं दोन पांढरे दिवे असे रोखून धरले होते की भिवराबाईला शेगडीचा जाळसुद्धा दिसेना. तरी हाताला सवय होती. लांब दांड्यांचा लोखंडी साचा तिनं जाळावर धरला. साच्याच्या टोकाला दोन सपाट ताटल्या, एकीवर क्रूस कोरलेला. पळीभर पातळ पीठ तिनं त्यात ओतलं, दांडे आवळले. चुर्र झालं, कडेनं वाफ निघाली. गव्हाचं पीठ आणि पाणी. मीठ नाही, तेल नाही, दुसरं काही म्हणजे काही नाही. साचा उघडला तेव्हा आत कागदासारखी पांढरी पोळी होती, मधोमध क्रूस उमटलेला. ती तिनं अलगद सोडवून ओल्या फडक्याखाली ठेवली. कोरडी राहिली तर कापताना फुटते. उद्या ती मऊ झाली की गोल पात्यानं छोट्या चकत्या पाडायच्या. रविवारी त्याच चकत्या फादर वेदीवर उचलणार, आणि मग ती भाकर राहणार नाही, येशूचं शरीर होणार. उरलेलं कात्रण वस्तीतली पोरं खातात. त्याला ती मिशनचे पापड म्हणतात.

"छान. आता थोडं बोला. तुम्ही इथं कधीपासून काम करता?"

"लगीन होऊन आले तवापसून. माझी सासू भाजायची. तिच्या हाताखाली शिकले."

"म्हणजे तुमचं घराणं ख्रिस्ती?"

वस्तीतलं दुसरं कुणीही असतं तर या प्रश्नावर थांबलं असतं. परक्या माणसानं धर्म विचारला की 'आमी मांग' एवढंच सांगायचं आणि हातातल्या कामाकडं बघायचं, हे तिथल्या पोरांना चालायच्या आधी कळतं. भिवराबाईलाही कळत होतं. पण कॅमेरा मिशनचा होता. दारात सिस्टर फ्लोरिन उभ्या होत्या. उजेड तोंडावर होता, आणि अख्ख्या जन्मात हा प्रश्न तिला कुणी 'तुम्ही' म्हणून विचारला नव्हता.

"व्हय," ती म्हणाली. "तीन पिढ्यांपसून. माझ्या आजेसासऱ्यानं ह्या चर्चच्या पायाचे दगड डोक्यावर वाहिलेत. मी येशूची हाय. जन्मापसून. मरताना बी त्याचीच."

"वा!" पोरगा म्हणाला.

सिस्टर फ्लोरिननी चष्मा काढून डोळे पुसले.

एकाही शहाण्याच्या डोक्यात त्या वेळी आलं नाही की ही बाई काय बोलून बसली.

*

नेकनूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर उजव्या हाताला जो माळ लागतो, तिथं पवित्र कुटुंब विद्यापीठ आहे. आधी ती शाळा होती, मग कॉलेज झालं, आणि आता पाटी बदलून विद्यापीठ. लोक अजून मिशनच म्हणतात. नर्सिंग, बी.एड., थोडं कॉम्प्युटर. शिकणारी बहुतेक पोरं हिंदू, शिकवणारे बहुतेक हिंदू, आणि वर कुलगुरू फादर रेमंड, वसईचे. पाटी बदलली तसा वरच्या लोकांना प्रश्न पडला की आपण कोण? आपली ओळख काय? मग बैठका झाल्या. पाहुणे आले, बिसलेरीच्या बाटल्या फुटल्या, आणि ठरलं की आपला कॅथलिक वारसा जगाला दिसला पाहिजे. नव्या इमारतीत वारसा दालन निघालं. आणि पिक्चर निघाला: 'आमचा वारसा, आमची ओळख.'

वारसा म्हणजे कोण, तर भिंतीवरचे दाढीवाले गोरे फादर. आणि पिक्चरमध्ये भिवराबाई.

आता एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे, कारण ती सरळ कुणीच सांगत नाही. मांग हिंदू असला तर सरकारच्या लेखी तो अनुसूचित जातीचा. शीख झाला तरी ते टिकतं, बौद्ध झाला तरी टिकतं. ख्रिस्ती झाला की त्याची जात सरकार धुऊन टाकतं. गाव धूत नाही. गावाला तो मांगच लागतो, मयताला हलगी वाजवायला आणि मेलेलं जनावर ओढायला. म्हणजे मार खायला जात आहे, शिकायला नाही. हा कायदा ज्यांनी केला त्यांना मार कसा लागतो हे माहीत नसावं, किंवा चांगलं माहीत असावं.

म्हणून वस्तीवर प्रत्येक ख्रिस्ती माणसाला दोन नावं. भिवराबाईचा नवरा कागदावर अंबादास, चर्चमध्ये अंतोन. ऊस तोडायला गेला आणि फडातच छातीत कळ येऊन गेला. भिवराबाई स्वतः चर्चमध्ये वेरोनिका. आणि पोरगी कागदावर शिवकन्या, बाप्तिस्म्याची क्लारा. फादर लोकांना हे ठाऊक, सिस्टरांना ठाऊक, मास्तरांना ठाऊक. विद्यापीठाच्या कामगारांच्या नोंदीतसुद्धा भिवराबाईपुढं हिंदूच लिहिलंय. सगळ्यांना सगळं ठाऊक आणि सगळे गप. या गप्प राहण्यावरच त्या वस्तीतली चार पोरं शिकली.

शिवकन्या त्यातली सगळ्यात पुढं गेलेली. तिचा अंबाजोगाईला मेडिकलला नंबर लागला. डॉक्टर होणारी वस्तीतली पहिली. फक्त जात पडताळणीचं प्रमाणपत्र तेवढं यायचं होतं.

*

"माय, तू त्या पिक्चरमधी काय बोललीस?"

शिवकन्येचा फोन आला तेव्हा भिवराबाई चकत्या पाडत होती. तिनं फोन खांद्यानं कानाशी दाबला.

"कावून? चांगलं बोलले की. सिस्टरच्या डोळ्यात पाणी आलतं."

"आता माझ्या आलंय." पोरगी रडत नव्हती. रडून झाल्यावरचा आवाज होता तो. "माय, कुणीतरी समितीकडं अर्ज केलाय. संग तुझा व्हिडिओ जोडलाय. मी ख्रिस्ती हाय, खोट्या जातीवर शिकायलेय म्हणून. आता घरी चौकशीला माणसं येनार."

"येऊ दे की. आपण मांग न्हाई का? काय बामण हाव?"

"मांग हाव गं. पण हिंदू मांग हाव का, ते बघनार हायेत. न्हाई निघालं तर ॲडमिशन जातंय. वरून केस."

भिवराबाईच्या हातातलं पातं थांबलं.

"कुणी केला आर्ज?"

"आपली दोन्ही नावं ज्याला म्हाईत हायेत त्यानंच केला असंल की."

*

रामेश्वर ओट्यावर बसून कोयत्याला धार लावत होता. तो अंबादासचा चुलतभाऊ. वस्तीतली निम्मी घरं मिशनची, निम्मी मरीआईची. रामेश्वरचं घर मरीआईचं. पण भिंत एकच, नळ एक, मयताला खांदा एक. त्याची दीपमाला आणि शिवकन्या दहावीपासून एका पोत्यावर बसून अभ्यास करायच्या.

"या वैनी. बसा."

"बसायला न्हाई आले. भावजी, तुमी केलाव?"

त्यानं दगडावर पाणी शिंपडलं. "केलाय. खोटं न्हाई सांगनार."

"कावून?"

"कावून म्हंजी? माझी पोरगी थोडक्यात ऱ्हायली. तवापसून घरी बसलीय, उंबऱ्याबाहीर येत न्हाई. ती जागा हिंदू मांगाची हाय वैनी. तुमाला मिशन हाय. पोरांची फी फादर भरतेत, नाताळाला कापडं येतेत, दुखलं खुपलं तर सिस्टर गोळ्या देती. आमाला कोन हाय? आमाला तेवढीच एक जागा. तुमी दोन ताटात जेवायलाव. आमच्या एका ताटात बी तुमचाच हात."

"मिशनच्या शाळेत तुमची पोरगी बी शिकलीच की."

"फी भरून शिकली. हात जोडून न्हाई."

"आन त्या साली गावातली पोरं काठ्या घिऊन आलती, आपली कौलं फोडली, तवा त्यांनी इचारलं का भावजी, हितं मरीआईचा कोन आन येशूचा कोन?"

रामेश्वर कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "ते गाव हाय वैनी. हे सरकार हाय."

"शिवकन्या तुमच्या मांडीवर वाढली."

"म्हाईत हाय."

"मागं घ्या तो आर्ज."

"आता माझ्या हातात न्हाई. गेला तो वर." त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "वैनी, तुमी कॅमेऱ्याम्होरं बोललाव नसता तर मी कितीबी जळलो असतो तरी माझ्याकडं काय होतं दाखवायला? तुमीच दिलं."

आतून त्याच्या बायकोचा, कडूबाईचा आवाज आला. बाहेर यायचं तोंड तिला नव्हतं. "बाई, च्या टाकलाय. घिऊन जावा."

भिवराबाई चहा न घेता उठली. असं त्या घरात कधी झालं नव्हतं.

*

फादर रेमंड वारसा दालनात होते. उद्या कुणी पाहुणे येणार होते, म्हणून फोटोंवरची धूळ पुसून घेत होते. भिवराबाई चपला बाहेर काढून आत गेली. या दालनात ती पहिल्यांदाच येत होती. फरशी गार होती.

समोरच मोठा फोटो. चर्चची पायाभरणी. मध्ये दोन गोरे फादर, पांढऱ्या झग्यात, आणि मागं डोक्यावर दगड घेतलेली उघडी माणसं. त्यातल्या एकाचं नाक थेट अंबादासचं. खाली फादरांची लांबलचक नावं आणि शेवटी 'स्थानिक मजूर'.

"या, भिवराबाई. तुमचा पिक्चर रोममध्येसुद्धा बघितला लोकांनी."

"तो काढून टाका, फादर."

तिनं सगळं सांगितलं. फादर ऐकत ऐकत खुर्चीत बसले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर ही गोष्ट सोपी झाली असती.

"चुकलं आमचं," ते म्हणाले. "फार मोठं चुकलं. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"माझ्या तरी कुटं आलं?"

"पिक्चर आजच खाली घेतो. पण भिवराबाई, ते माझ्याकडंही येतील. मला विचारतील, ही बाई ख्रिस्ती आहे का? मी काय सांगू?"

"तुमच्या नोंदीत काय हाय, तेच सांगा."

"नोंदीत हिंदू आहे. पण मी तुम्हाला दर रविवारी माझ्या हातानं ख्रिस्ताचं शरीर देतो. या जिभेनं मी कसं सांगू की तुम्ही त्याच्या नाही? आपला विश्वास हीच आपली ओळख. ती एकदा नाकारली की मग उरतं काय?"

"तुमची ओळख तुमाला हा बंगला देती फादर. माझी वळख माझ्या पोरीची जागा नेती." ती हे रागानं म्हणाली नाही. बाजारात भाव सांगावा तसं म्हणाली. "तुमचं घरानं वशईचं. वाडी हाय, ईर हाय, चारशे वर्साचं चर्च हाय. तुमाला ख्रिस्ती व्हायला काय पडलं?"

फादरांचं तोंड उतरलं. पण ते गप्प बसले नाहीत. "खरं आहे. मला काही द्यावं लागलं नाही. म्हणूनच मला भीती वाटते. ज्यांनी दिलं त्यांच्याकडूनच मी ते काढून घ्यायचं? इथं ही सगळी चित्रं लावून?"

"तुमी काडून घिऊ नका. मीच सोडते. तुमी नुस्ते आडवे येऊ नका."

साफसफाईची मुलगी येऊन त्यांच्याकडं बघून परत गेली.

"शिवकन्येला काय वाटतं?" फादरांनी विचारलं.

"तिला इचारलं न्हाई. तिनं फकस्त अभ्यास करावा."

*

भिंतीवरचा क्रूस भिवराबाईनं आदल्या दिवशी उतरवला. पवित्र कुटुंबाची तसबीर, जपमाळ, प्रार्थनेचं पुस्तक आणि क्रूस, सगळं तिनं अंबादासच्या जुन्या धोतरात बांधून ज्वारीच्या कणगीत घातलं. वर ज्वारी ओतली. शेजारच्या मनकर्णाबाईनं मरीआईची तसबीर आणून दिली, हळदकुंकवाचे करंडे दिले. खिळा होता त्याच जागी तसबीर लागली.

"थोडी जुनी हाय ते बरं," मनकर्णाबाई म्हणाली. "नवी कोरी दिसली असती तर कळलं असतं त्यांना." मग हळूच, "बाई, तुमचा देव रागवंल का वो?"

"तुमची मरीआई रागवंल का, उसनी आणली म्हणून?"

"ती लई ऐकून घेती आपल्या लोकांचं."

दोघी हसल्या. त्या दिवसातलं तेवढंच हसू.

जीप आली. एक अधिकारी आणि एक लिहून घेणारा. अधिकारी पन्नाशीचा, पोटावर हात ठेवून चालणारा. असली चौकशी करून करून तो कंटाळला होता. वस्ती दारात जमली. रामेश्वर लांब, नळापाशी उभा होता.

"कुलदैवत कोणतं तुमचं?"

"मरीआई. आन खंडोबा."

"मुलीच्या जन्माला काय केलं होतं? पाचवी पुजली?"

"पुजली की."

"एखादं गाणं येतं मरीआईचं?"

भिवराबाईनं पदर सारखा केला आणि गायला लागली. गाणं अस्सल होतं. तिची आई ते जात्यावर म्हणायची, बाप्तिस्मा झाल्यावरसुद्धा म्हणायची, कारण दळताना तोंडाला जे येतं ते माणूस म्हणतो. लिहून घेणाऱ्याचा पेन थांबला. दारातल्या बाया हळूच सूर धरायला लागल्या. अधिकाऱ्यानं हात वर केला तेव्हा ती थांबली.

"बरं. मग हे?" त्यानं मोबाईल पुढं केला. पडद्यावर तीच, पांढऱ्या उजेडात. मी येशूची हाय. जन्मापसून. मरताना बी त्याचीच.

नळाचं पाणी तेवढं वाहत होतं.

"तितं मी कामाला हाव, सायेब," ती म्हणाली. "पिक्चरवाल्यानं असं म्हणा म्हणलं, मी म्हणले. मालकानं सांगितलं तर मजुरानं कावून न्हाई म्हणावं?"

"म्हणजे तुम्ही ख्रिश्चन नाही?"

"न्हाई."

"चर्चमध्ये जाता?"

"झाडायला, पुसायला."

"आणि ही भाकर? ख्रिश्चन लोक खातात ती. तुम्ही खाता?"

या प्रश्नाची तिनं तयारी केली नव्हती. क्रूस लपवला होता, तसबीर आणली होती, गाणं आठवून ठेवलं होतं. हे कुणी विचारील असं तिच्या मनात आलं नव्हतं. तिनं अधिकाऱ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं. साच्याचे चटके बसून बसून बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती.

"न्हाई सायेब," ती म्हणाली. "मी नुस्ती भाजते. खात न्हाई."

लिहून घेणाऱ्यानं ते लिहिलं. अंगठा नको, सही येते, असं ती म्हणाली. सही शिकवली होती मिशनच्या रात्रशाळेनं.

जीप तिथून विद्यापीठात गेली. कुलगुरूंनी लेखी दिलं की आमच्या नोंदीनुसार सदर महिला हिंदू असून स्वयंपाकघरात कामाला आहे. एक अक्षरही त्यात खोटं नव्हतं. खोटं बोलायचं काम बाईनं केलं होतं, शिकलेल्या माणसाला नुसती नोंद वाचायची होती. गरिबाच्या वाट्याला हे नेहमीच येतं. पापसुद्धा त्यालाच आपल्या अंगावर घ्यावं लागतं, बाकीचे त्याच्या मागून स्वच्छ हातानं निघून जातात.

रामेश्वर संध्याकाळी दारात आला. आत आला नाही.

"वैनी, मला बी इचारलं त्यांनी. चुलतदीर म्हणून."

"मग?"

"मी सांगितलं, आमची भावकी एक, दैवत एक. आर्ज रागात केला म्हणलं." तो चौकटीला नख लावत राहिला. "त्या 'खात न्हाई'नं लई वाईट वाटलं मला."

तो गेला.

*

प्रमाणपत्र आलं. शिवकन्येनं फोनवर आरडाओरडा केला, मागं मैत्रिणींचा दंगा ऐकू येत होता. "माय, आलं! आता कुणी काडू शकत न्हाई मला!" भिवराबाईनं गुळाचा खडा तोंडात टाकला आणि मनकर्णाबाईला दिला. दीपमालाच्या घरी मात्र गूळ घेऊन गेली नाही. तेवढी लाज दोन्हीकडं होती.

पिक्चर परत इंटरनेटवर चढला. आता त्यात भिवराबाई नव्हती, तिचे हात होते. साचा धरलेले, पीठ ओतणारे, पोळी सोडवणारे हात. वर एका बाईचा गोड शहरी आवाज, की शतकाची श्रद्धा या हातांत आहे. हात कुणाचे ते कुठं लिहिलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी फादर रेमंड स्वतः भाकर भाजायच्या खोलीत आले. ती भाजत होती. ते दारातल्या स्टुलावर बसले.

"भिवराबाई, तुम्ही तीन रविवार कम्युनियनची भाकर घेतली नाही. मागं बसून राहता."

"व्हय."

"चौकशी संपली आता. प्रमाणपत्र आलं. आता कोण बघतंय?"

तिनं साचा उघडला, पोळी सोडवली, फडक्याखाली ठेवली. "लोकं बघतेत म्हणून मी बसले व्हते व्हय, फादर?"

"तसं नाही. पण हवं तर माझ्याकडं आत या. मिस्सेची प्रार्थना झाल्यावर. कुणाला दिसणार नाही."

"चोरून? येशूला चोरून भेटू? मी काय त्याची ठेवलेली बाई हाव?"

फादर ओशाळले. मग हळूच म्हणाले, "मग कबुली द्या. या, बसा, सांगा. मी इथंच ऐकतो. देव क्षमा करतो. पेत्र तर येशूचा पट्टशिष्य, त्यानंही त्याला तीनदा नाकारलं होतं. तरी येशूनं त्याच्यावरच चर्च उभं केलं."

"पेत्र रडला व्हता फादर. बाहीर जाऊन लई रडला. तुमीच सांगता दर वर्सी." पळीतलं पीठ साच्यात पडलं, चुर्र झालं. "कबुलीला पस्तावा लागतो. सिस्टर आमाला ल्हानपनी शिकवायच्या, पस्तावा नसला तर कबुली खोटी. आन पस्तावा म्हंजी काय, तर परत न्हाई करनार. मला पस्तावा न्हाई, फादर. उद्या परत जीप आली, परत इचारलं, तर मी परत तेच सांगीन. अंगावर काटा येतो पर सांगीन. मग मी कोनत्या तोंडानं म्हणू, क्षमा कर?"

"देव इतका कडक नाही, भिवराबाई."

"तो नसंल. पर मी त्याला एवढं तरी खरं द्याव का न्हाई?"

फादर रेमंड धर्मशास्त्र शिकवायला रोमला जाऊन आले होते. ते स्टुलावरून उठले आणि साच्यासमोरच्या त्या वाफेत येऊन उभे राहिले.

"किती दिवस असं?" त्यांनी विचारलं.

"शिवकन्येचं शिक्शान व्हईल. मग नोकरी लागंल, तवा परत कागद लागतीलच. मग तिची लेकरं." तिनं खांदे उडवले. "सरका जरा. उजेड आडवलाव."

*

रविवारी चर्च भरलं होतं. पुढच्या बाकांवर सिस्टर, मग वस्तीतली मिशनची घरं, मग बाहेरगावचे प्राध्यापक, आणि शेवटच्या दोन बाकांवर नर्सिंगच्या पोरी. त्या हिंदू. वॉर्डनच्या धाकानं येतात, एकमेकींच्या वेण्यांशी खेळत बसतात. शेवटच्या बाकाच्या कडेला भिवराबाई. डोक्यावर पदर.

घंटी झाली. फादर रेमंडनी दोन्ही हातांनी भाकर वर उचलली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. भिवराबाईनं घातली नाही. ती बघत होती. नीट भाजली होती, कडा कुठं करपली नव्हती.

मग रांग लागली. "ख्रिस्ताचं शरीर." "आमेन." "ख्रिस्ताचं शरीर." "आमेन." एकेक बाक रिकामा होत रांग मागच्या बाकांपर्यंत यायला लागली. शेजारची एक पोर, गावाकडची, नवीनच आलेली, तिनं हळूच विचारलं, "मावशी, तुमी न्हाई जात?"

"न्हाई."

"तुमी बी आमच्यातल्याच व्हय?"

भिवराबाईनं तिच्याकडं बघितलं. पोरीचं तोंड निर्मळ होतं, तिनं सहज विचारलं होतं.

बाकाच्या आतल्या बाजूला मनकर्णाबाईची सून बसली होती. तिचं माहेर मिशनचं. तिला रांगेत जायचं होतं आणि वाट भिवराबाईवरून होती. ती उठून अवघडून उभी राहिली. तिला पुढं जाता येईना, मागंही बसता येईना.

भिवराबाईनं दोन्ही गुडघे एका बाजूला घेतले, लुगड्याचा घोळ आवरून हातात धरला आणि तिला वाट करून दिली.